इसेन्शियल्स किट, आठ महिन्यांनंतर: दोघांना पुरतं, पण डी-फोर एकच का?

काल रात्री अंधारात नवऱ्याच्या टाचेत डी-फोर, म्हणजे चार बाजूंचा टोकदार फासा, घुसला. हा फासा कसाही पडला तरी टोक वरच असतं. तो कळवळला आणि मी आधी फासा तुटला का ते पाहिलं. त्यावरून जे झालं, त्यामुळे आज लिहायला बसले आहे.

इसेन्शियल्स किट म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळाचं २०१९ चं किट. डब्यात नियमांचं पुस्तक, मोहीम, नकाशा, पडदा आणि फासे येतात. मी ते घेतलं कारण एक डीएम (खेळ चालवणारा) आणि एकच खेळाडू असं त्यात खेळता येतं, साइडकिकचे, म्हणजे खेळाडूच्या सोबत्याचे, नियम आहेत. दर रविवारी माझा याच खेळाचा चार तासांचा ग्रुप, आणि त्यावरून दर रविवारी घरात धुसफुस. म्हटलं, बुधवारी ह्यालाच बसवू खेळायला.

आता तक्रार. फासे अकरा. त्यात डी-सिक्स (सहा बाजूंचे) चार, डी-ट्वेंटी दोन आणि डी-फोर एक. एक! ह्याने विझर्ड (जादूगार) घेतला आणि पहिल्याच दिवशी मॅजिक मिसाइल या मंत्राच्या प्रेमात पडला. तीन बाण, प्रत्येकाला एक डी-फोर अधिक एक. म्हणजे तोच फासा तीनदा टाकायचा, आणि दर वेळी आकडा टोकाचा वाचायचा की तळाचा यावर वाद. सुटे फासे मिळतात, मला माहीत आहे. पण अख्खा डबा घेतल्यावर वर पुन्हा फासे का घ्यायचे?

साइडकिक मात्र झकास. वॉरियर दिली, तर एरवी अबोल असणारा हा माणूस तिच्यासाठी वेगळा आवाज काढून बोलायला लागला. पहिले दोन बुधवार मी हा डबा भेटेल त्याला सुचवत होते.

तिसऱ्या बुधवारी मोहिमेतलं अंब्रेज हिल. ज्यांनी खेळलंय त्यांना कळलं असेल. पहिल्या लेव्हलचा विझर्ड, आठ हिट पॉइंट (एवढाच जीव), समोर शेपटीचे काटे फेकणारा मँटिकोर राक्षस. शेपटीचा पहिला काटा हुकला. दुसऱ्याला, डीएम ज्याच्या आड फासे टाकतो त्या पडद्यामागे, वीस पडले, म्हणजे वार हमखास लागला. मी शांतपणे म्हटलं, "हाही हुकला." तेवढ्यात ह्याचं कोपर लागलं आणि तो पातळ पुठ्ठ्याचा पडदा आडवा झाला.

ह्याने फाशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"रविवारच्या लोकांनाही असंच वाचवतेस?"

रविवारी मी दोघांची पात्रं सरळ मारली आहेत, हे त्याला मीच सांगितलं होतं.

"मग मी काय पाहुणा आहे? मेलो असतो तर नवा बनवला असता."

पुढचे दोन बुधवार खेळ नाही. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार दिला असता, तोही नकाशाला.

आता पडदा डब्यातच असतो आणि सगळे फासे उघड्यावर पडतात. त्याचा विझर्ड पुढे एका ऑर्कच्या हातून गेला. मला वाईट वाटलं, त्याला अजिबात नाही. अर्ध्या तासात नवं कॅरेक्टर तयार: पुन्हा विझर्ड, पुन्हा मॅजिक मिसाइल.

रविवारची धुसफुस गेली का? नाही, बदलली. आधी "कधी येणार?" होतं, आता "तिथे काय झालं ते सगळं सांग" असतं, म्हणजे चार तासांवर पाचवा. एकदा त्याला ग्रुपला नेलं, तर खेळातल्या सहा सेकंदांचा एक राउंड संपून पाळी परत येईपर्यंत तो पेंगला. दोघांतल्या खेळाची ही सवय वाईट. आणि एकदा बुधवारी मी चोरून रविवारची तयारी करताना सापडले, तेव्हा मँटिकोरने केलं नसतं एवढं नुकसान झालं.

डब्यातले नियम सहाव्या लेव्हलपर्यंतच आहेत आणि आम्ही पाचव्यावर आलोय. पुढच्या नियमांसाठी वेगळं पुस्तक घ्यावं लागणार हे लक्षात आल्यापासून मी मोहीम जरा सावकाश चालवते आहे. हे त्याला अजून कळलेलं नाही.

चार स्टार. पाचवा डी-फोरपायी गेला.

काल टाचेवर बर्फ धरून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कॅल्ट्रॉप्सचा, जमिनीवर टाकायच्या काट्यांचा, नियम. एक पॉइंट पिअर्सिंग (टोचून झालेलं नुकसान), वेग दहा फूट कमी." मी पुस्तक उघडून पाहिलं. बरोबर होतं.