डकोटा की अन्सोनिया? न्यूयॉर्कमध्ये एकच दुपार असेल तर

न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या आईबाबांना एक दिवस मॅनहॅटनला नेलं की सकाळ स्टॅच्यू ऑफ लिबर्टीतच जाते. उरलेल्या दुपारी सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला जा, तिथे जुन्या श्रीमंत लोकांच्या दोन बिल्डिंगा आहेत, डकोटा आणि अन्सोनिया. दोन्हींत पायी दहाएक मिनिटांचं अंतर, पण गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर एकीसमोरच नीट थांबणं होतं. आणि हो, दोन्हीकडे लोक राहतात, आत सोडत नाहीत, जे काय बघायचं ते रस्त्यावरूनच. माझा सगळा कौल त्यावरच आहे.

डकोटा आधीची, १८८० ते १८८४ मध्ये बांधलेली. पैसा एडवर्ड क्लार्कचा, म्हणजे सिंगर शिलाई मशीनवाला, तेच काळं मशीन जे आपल्याकडे कितीतरी आज्यांच्या घरी होतं. तो १८८२ मध्येच गेला, पूर्ण झालेली बिल्डिंग त्याने बघितलीच नाही. तेव्हा न्यूयॉर्कचे पैसेवाले स्वतंत्र घरात राहायचे, एका छपराखाली अनेक बिऱ्हाडं म्हणजे गरिबांची चाळ असाच समज, म्हणून आर्किटेक्ट हार्डनबर्गने (प्लाझा हॉटेल नंतर त्यानेच केलं) अशा सोयी दिल्या की नाही म्हणायला जागाच राहू नये: ६५ फ्लॅट, ४ खोल्यांपासून २० खोल्यांपर्यंत, उंच उंच छतं, स्वतःची वीज, खालच्या किचनमधून वर जेवण. उघडायच्या आधीच सगळे भाड्याने गेले.

पण रचना बघाल तर हा चक्क वाडा आहे. ७२व्या स्ट्रीटवर घोडागाडी आत जाईल एवढी कमान, आत चौक, आणि घरांकडे जायचे रस्ते चौकाच्या चार कोपऱ्यांतून. म्हणजे खरी मजा आत, आणि आपण दरवाज्याबाहेर. बाहेरून पिवळसर वीट, उंच टोकदार छपरं, कुंपणाच्या लोखंडावर दाढीवाली डोकी, हे सगळं छानच, पण चौक तेवढा डोकावून दिसतो तेवढाच.

मग गर्दी कशाला? बीटल्स बँडच्या जॉन लेननसाठी. तो इथे राहायचा आणि ८ डिसेंबर १९८० ला याच कमानीपाशी त्याला गोळ्या घातल्या. समोरच पार्कात त्याच्या आठवणीची जागा आहे, स्ट्रॉबेरी फील्ड्स. ज्यांनी बीटल्स ऐकत तरुणपण काढलंय त्यांनी दुसरा विचारच करू नये, डकोटालाच जावं, तिथे उभं राहिल्यावर घशात काहीतरी येतंच.

बाकी सगळ्यांना मी अन्सोनिया म्हणते. ब्रॉडवेवर ७३ ते ७४व्या स्ट्रीटपर्यंत पसरलेली, १८९९ ला सुरू होऊन १९०४ मध्ये पूर्ण. हिने काहीच आत लपवलेलं नाही. कोपऱ्यांवर गोल बुरूज, पॅरिसच्या धर्तीचं उतरतं छप्पर, बाल्कन्यांना लोखंडी नक्षी, मान वर करून बघतच राहावं. मालक डब्ल्यू. ई. डी. स्टोक्स, त्याने गच्चीवर चक्क शेत केलं होतं, कोंबड्या, बदकं, बकऱ्या, आणि अंडी खालच्या भाडेकरूंना स्वस्तात, १९०७ मध्ये आरोग्य खात्याने ते बंद पाडलं. खाली लॉबीतल्या कारंज्यात जिवंत सील मासे होते! भिंती इतक्या जाड की शेजारच्याचा रियाज ऐकू येत नाही, त्यामुळे गाणारे-वाजवणारे इथे येऊन राहिले, ऑपेरा गाणारा कारुसो, ऑर्केस्ट्रा चालवणारा टोस्कानिनी, संगीतकार स्ट्राविन्स्की. बेसबॉलवाला बेब रूथही राहायचा. आपल्याकडे गाण्याचा क्लास सुरू केला की शेजारी सोसायटीकडे तक्रार करतात, तिथे भिंतींनीच तो प्रश्न सोडवला, हे मला फार म्हणजे फार आवडतं.

पुढे हाल झाले, दुसऱ्या महायुद्धात छपरावरचं तांबं काढून नेलं, मग बिल्डिंग पाडायचीच होती पण भाडेकरू भांडले आणि १९७२ मध्ये लँडमार्कचा, म्हणजे जपायच्या वारसा वास्तूचा, दर्जा मिळाला. डकोटाला तो १९६९ मध्येच मिळाला होता.

आणखी एक, बसायची सोय. डकोटाच्या कमानीसमोर फुटपाथवर ताटकळावं लागतं. अन्सोनियासाठी १, २ किंवा ३ नंबरची सबवे (म्हणजे तिथली मेट्रो) घेऊन ७२व्या स्ट्रीटला उतरा, बाहेर आलात की व्हर्डी स्क्वेअर म्हणून छोटी बाग आहे, बाकं आहेत. आईबाबांना तिथे बसवा, बुरूज बसल्या बसल्या समोर दिसतात.