क्लासिक म्हणून विकलेली जुनी इलेक्ट्रा : धुळ्यातील माझा अनुभव

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावाहून शाळेत जाण्यायेण्याचा माझा रस्ता रोजचा पन्नास किलोमीटरचा आहे. त्यासाठी जुन्या घडणीची, पण फारशी देखभाल न मागणारी मोटारसायकल घ्यावी, असे मी २०२३ च्या दसऱ्याआधी ठरवले. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० पसंत केली ती केवळ रूपावर भाळून नव्हे. २००९ साली आलेल्या या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये आहेत, आणि टॅपेट, म्हणजे इंजिनच्या झडपा हलवणारे भाग, हायड्रॉलिक असल्यामुळे ते वरचेवर सेट करावे लागत नाहीत. ऑइल वेळेवर बदलले आणि चेनकडे लक्ष दिले, की रोजच्या वापराला ती पुरते.

धुळ्यातील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याने '२०१२ ची क्लासिक' म्हणून एक गाडी दाखवली. गोलाकार टाकी, स्प्रिंगची सीट, सेल्फ स्टार्ट, डाव्या पायाचा गिअर, सारे काही जुळत होते. मूळ आरसी एजंटकडे आहे असे सांगून त्याने एक फिकट झेरॉक्स पुढे केली. तिच्यावरचे उत्पादनाचे साल वाचताच येत नव्हते आणि मीही आग्रह धरला नाही. ८८,००० रुपये रोख मोजून मी गाडी घरी आणली. पावतीवर 'जुनी बुलेट, आहे त्या स्थितीत' एवढेच लिहिलेले होते.

तीन आठवड्यांत इंजिन खडखडू लागले आणि खाली ऑइलचे थेंब पडू लागले. अमळनेरच्या मिस्त्रींनी गाडी स्टँडवर घेतली, उजव्या बाजूने वाकून पाहिले आणि सिलिंडरच्या बुडाशी एका नटाने बसवलेले लहान झाकण उघडले. आत पुशरॉड, म्हणजे झडपांपर्यंत जोर पोचवणारे दांडे, आणि पान्याने सेट करायचे टॅपेट होते. मागचा गिअरबॉक्सही वेगळा जोडलेला होता. ते एवढेच म्हणाले, "भाऊ, हाई क्लासिक नही शे."

एमपरिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा नंबर टाकताच उलगडा झाला. ती रॉयल एनफील्डचीच, पण जुन्या इंजिनाची २००७ ची इलेक्ट्रा होती, टाकी, सीट आणि बॅज तेवढे क्लासिकचे लावलेले. पंधरा वर्षांची नोंदणी २०२२ मध्येच संपली होती. तिच्या नूतनीकरणाचे शुल्क तेव्हा १,००० रुपये होते, आणि विलंबाचा दंड त्याहून वेगळा.

ते जुने कास्ट आयर्न इंजिन वाईट आहे असे मी म्हणणार नाही. खान्देशातले कितीतरी मिस्त्री ते डोळे मिटून खोलतील. पण टॅपेट, इंजिनातून क्लचकडे जाणारी प्रायमरी चेन, ऑइलची गळती यांकडे सतत पाहावे लागते, आणि नेमके तेच टाळण्यासाठी मी जास्त पैसे मोजले होते. रेट्रो गाडीत नवी मुद्दाम जुनीसारखी दिसते. त्यामुळे जुनी नवी म्हणून खपवणे सोपे जाते. म्हणून अशी गाडी घेताना टाकी आणि बॅज पाहण्याआधी उजवीकडून इंजिन पाहा, चेसिस आणि इंजिन नंबर मूळ आरसीशी स्वतः ताडून पाहा, आणि आरसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

विक्रेता त्या पावतीकडे बोट दाखवतो. पोलिसांकडे मी लेखी तक्रार दिली आहे. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून ती गोठ्याशेजारी उभी आहे आणि मी एसटीने शाळेत जातो.