२०० लिटरचा डीप फ्रीझर: पाणी काढायची सोय बघूनच घ्या

सांगलीत विश्रामबागला माझा घरगुती उद्योग आहे. हिवाळ्यात सोललेला मटार, उन्हाळ्यात आमरस, गणपतीच्या आधी उकडीचे मोदक. त्यासाठी २०० लिटरचा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर घेतला. थंडावा उत्तम, उणे १८ अंश सहज टिकतो. लाइट गेली आणि झाकण बंद ठेवलं तर माल बराच वेळ टणक राहतो. पण हा फ्रीझर मला खरा आवडला तो आतला बर्फ काढताना.

यात बर्फ आपोआप वितळत नाही. पावसाळ्यात हवा दमट, त्यात ऑर्डरी भरायला झाकण सारखं उघडायचं. मग भिंतींवर बर्फ धरतो, वरच्या कडेला सगळ्यात जाड. पाच-सहा मिलिमीटरचा थर दिसला की मी काढायला घेते. आणखी थांबलं तर कॉम्प्रेसर जास्त चालतो, बिल वाढतं.

माल थर्माकोलच्या पेट्यांत, वर जुनी गोधडी. बटण बंद करून पिनही काढायची. तळाशी आत एक बूच आहे, बाहेर खालच्या कोपऱ्यात दुसरं. बाहेरच्या तोटीवर अर्ध्या इंची पाइप घट्ट बसतो, तो सरळ मोरीत सोडते. आधीच्या फ्रीझरला अशी सोयच नव्हती, वाटीवाटीने पाणी उपसून कंबर भरून यायची.

खोट एकच, पण मोठी. तोटी जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर आहे. खाली परात सरकत नाही, पाइपला उतार मिळत नाही. वेल्डिंगवाल्याकडून वीतभर उंच लोखंडी स्टँड करून घेतलं, तेव्हा पाणी झरझर उतरायला लागलं. हा खर्च कंपनीनेच वाचवायला हवा होता.

फ्रीझर बसवायला आलेला माणूस म्हणाला, "ताई, बर्फ जाड झाला तर स्क्रू ड्रायव्हरने टोचा." कृपया असं करू नका. गारवा देणाऱ्या नळ्या आतल्या पत्र्याला लागूनच फिरवलेल्या असतात. एक टोचा लागला की गॅस गेला, आणि फोममध्ये गाडलेली नळी दुरुस्त करणं फार कठीण. माझ्या फ्रीझरच्या मागच्या पट्टीवर आर-६००ए लिहिलंय, ते या नळ्यांतल्या गॅसचं नाव. हा वायू पेट घेणारा आहे, त्यामुळे आत हेअर ड्रायर किंवा हीटर लावणं धोक्याचं, शिवाय खाली पाणी साचलेलं. मी जाड टॉवेलची घडी घालून त्यावर गरम पाण्याची पातेली ठेवते, झाकण उघडं. बर्फाचे पापुद्रे सैल झाले की प्लास्टिकच्या उलथन्याने अलगद उचलते. घरात लहान मुलं असतील तर तोवर तिथून हलू नका.

मग खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसायचं आणि झाकणाच्या रबराच्या घड्या कोरड्या करायच्या. दोन्ही बुचं आठवणीने लावा, नाहीतर तिथून दमट हवा शिरते आणि बर्फ पुन्हा लवकर धरतो. आत पुन्हा उणे १८ झाल्यावरच माल भरते. मऊ पडलेले मोदक परत गोठवत नाही, ते त्याच दिवशी वाफवून घरी संपवतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो स्टँडच्या खर्चासाठी, आणि बुचाचं वॉशर सुटं मिळत नाही म्हणून. दुकानात बघायला गेलात तर बाहेरचं बूच काढायला लावा आणि तोटी जमिनीपासून किती वर आहे ते बोटांनी मोजूनच घ्या.