हँडलचा रेडिओ: बडोद्याच्या पुरात किती उपयोगी?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. वीज गेली की काही तासांत टॉवर आणि मोबाइलही थंडावतात. रेडिओ मात्र ऐकू येत राहतो. म्हणून हँडल फिरवून चार्ज होणारा, २००० एमएएच बॅटरीचा हा संच दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या प्रत्येक घरात असावा.

रेडिओ आणि टॉर्च उत्तम. मोबाइल चार्जिंगची जाहिरात मात्र फसवी आहे: ५००० एमएएचचा फोन या भरलेल्या बॅटरीवर जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चार्ज होतो, आणि नुसतं हँडल मारून तो भरायला तासन्तास लागतील. वरची अर्ध्या वॉटची सोलर पट्टी कडक उन्हातही बॅटरी भरायला पंधरा तासांहून जास्त घेते. पावसाळ्यात तिच्यावर विसंबू नका.

हँडल सेकंदाला दोन फेऱ्यांपेक्षा जोरात फिरवू नका, आतली प्लॅस्टिकची चाकं घासतात. बॅटरी अर्धी भरून ठेवा, दर तीन महिन्यांनी तपासा. पूर्ण उतरून तशीच पडून राहिली की ती खराब होते. जून लागताच पूर्ण भरा. झिपच्या पिशवीत, माळ्यावर. पिशवीतच ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ लिहिलेला कागद हवा.