नऊ महिने आणि एक हिवाळा: एम३४०आय एक्सड्राइव्ह रोज चालवल्यावर

ही बीएमडब्ल्यू सेडान जूनमध्ये घेतली. त्यामुळे एक्सड्राइव्हमुळे चारही चाकांना ताकद मिळते याचा पहिले पाच महिने मला काडीचा उपयोग नव्हता. पावसात सिग्नल सुटला की गाडी चाकं जागच्या जागी न घसरता गुपचूप निघायची, एवढंच. आता साडेतेरा हजार किलोमीटर आणि एक पूर्ण हिवाळा झालाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

निवडायला तीन महिने लागले आणि त्यातले अडीच डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचा, अभ्यास करण्यात गेले. समोर ऑडी एस४, मर्सिडीज सी४३, सुबारू डब्ल्यूआरएक्स आणि ही. एस४ चा मधला डिफरन्शियल पूर्ण यांत्रिक. एरवी ४० टक्के ताकद पुढे, ६० मागे. वेळ पडली तर पुढे ७० किंवा मागे ८५ टक्क्यांपर्यंत. आधी चाक घसरणार, मग कॉम्प्युटरला कळणार, मग क्लच आवळणार, असली वाट तिथे बघावी लागत नाही. पण ऑडीच्या चार-चाकी ताकदीचं ‘क्वाट्रो’ हे नुसतं नाव वाचून गाडी बुक करू नका. बऱ्याच ए४ मध्ये क्वाट्रो अल्ट्रा असते, ती गरज नसेल तेव्हा मागची चाकं सोडवून ठेवते. एस३ चं इंजिन आडवं, तिथे मागच्या ॲक्सलपाशी क्लच. नाव एक, यंत्रणा तीन.

सी४३ मध्ये पुढे ३१, मागे ६९ टक्के अशी ठरलेली वाटणी. मॅन्युअल डब्ल्यूआरएक्समध्ये ५०:५० आणि व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवाच्या मदतीने ताकद वळवणारी जोडणी), साधं आणि चोख काम. मला गाडी आवडली होती, पण ट्रॅफिकमध्ये रोज तासभर क्लच दाबायची गुडघ्याची तयारी नव्हती. एम३४०आयमध्ये ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वळवणाऱ्या पेटीतला) अनेक चकत्यांचा क्लच पुढच्या चाकांना हवी तेवढी ताकद देतो, मूळ ओढ मागच्या चाकांचीच. शेवटी ही घेतली ती मात्र यातल्या कशामुळेच नाही. तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन टेस्ट ड्राइव्हमध्ये एकदा वर खेचलं आणि अडीच महिन्यांचा अभ्यास खिडकीतून बाहेर गेला.

रोजच्या वापरात हे इंजिन बहुतेक वेळ झोपलेलंच असतं. आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स इतका सफाईने बदलतो की शहरात कोणता गिअर चालू आहे हे बघायचं मी सोडून दिलं. कम्फर्ट मोडमध्ये ठेवा आणि विसरा. स्पोर्ट मोड मी आठवड्यातून एकदा लावतो, आणि आई मागे असेल तर तेवढाही नाही. “अरे, मी भाजीची पिशवी नाही,” हे एकदा ऐकून झालंय. ॲव्हरेज उन्हाळ्यात बारा-साडेबारा. थंडीत जवळच्या फेऱ्या मारल्या की साडेआठ, कारण इंजिन तापेपर्यंत घर येतं.

खरा धडा टायरनी शिकवला. मी हौसेने १९ इंची चाकं घेतली: टायर पुढे २२५/४०, मागे त्याहून रुंद २५५/३५. दिसतात झकास. पण पुढची-मागची मापं वेगळी असल्यामुळे टायर पुढचे मागे फिरवता येत नाहीत. ऑक्टोबरमध्ये पाण्याने भरलेल्या खड्ड्याने मागच्या एका टायरची बाजू फाडली. खड्डा मला दिसला नाही, चूक माझीच. टायरवाल्याने दुसऱ्या बाजूच्या टायरच्या नक्षीची खोली मोजली आणि दोन्ही बदलायला सांगितलं. चारही चाकं जोडलेल्या गाडीत नवा आणि झिजलेला टायर एकत्र चालवला की व्यासात फरक पडतो, आणि तो फरक डिफरन्शियल आणि क्लच सतत सोसत बसतात. दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी सोडताना हा खर्च मी हिशेबात धरलाच नव्हता.

हिवाळ्यासाठी मग शहाणपणा केला. १८ इंची चाकं, चारही बाजूंना २२५/४५, डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले खास हिवाळी टायर. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेल्यांवर मी जात नाही. ‘एम प्लस एस’ लिहायला टायरला बर्फावरची चाचणी द्यावी लागत नाही. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, म्हणून बर्फ पडायची वाट न बघता नोव्हेंबरमध्येच बदलून टाकले.

तरी पहिल्याच बर्फात मी फसता फसता वाचलो. दाबून घट्ट झालेल्या बर्फाच्या चढावर गाडी अशी चढली की जणू कोरडा रस्ता. पुढच्या गाड्या चाकं फिरवत उभ्या, आणि मी ऐटीत वर. उतारावर लागल्यावर ब्रेक दाबला तेव्हा कळलं की वेग माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त होता. एबीएस पायाखाली खडखडत राहिलं, गाडी हवी तिथून चांगली दोन गाड्यांच्या लांबीइतकी पुढे जाऊन थांबली. निघताना चार चाकं ओढतात, पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. तिथे माझी गाडी शेजारच्या हॅचबॅकपेक्षा वेगळी नव्हती, उलट जड होती. त्यानंतर नव्या रस्त्यावर मी आधी हळू वेगात एकदा ब्रेक दाबून बघतो.

भुसभुशीत बर्फात पार्किंगमधून निघताना डीएससीचं (गाडी घसरू न देणाऱ्या नियंत्रणाचं) बटण एकदा हलकं दाबून डीटीसी, म्हणजे त्याचा सैल मोड, चालू करायचं. थोडं चाक फिरू दिलं की गाडी स्वतःच वाट खोदते. पूर्ण नियंत्रण चालू असलं की इंजिनची ताकद कापली जाते आणि आपण जागच्या जागी. रस्त्यावर आलो की परत बटण दाबायचं, हे दोनदा विसरलोय.

बर्फ वीतभर साचला की सगळं तत्त्वज्ञान संपतं. कुठलीही स्पोर्ट सेडान खाली बसकीच असते. पुढचा बंपर नांगरासारखा बर्फ ढकलत जातो आणि पोट टेकलं की चारही चाकं हवेत. अशा दोन दिवशी गाडी घरीच ठेवली, बसने गेलो.

आता मार्च संपत आलाय. १९ इंची चाकं तळघरात भिंतीला टेकून उभी आहेत. परवा बायकोने विचारलं, ती लावणार आहेस की विकणार आहेस? मी म्हटलं, बघू. जाहिरातीसाठी फोटो मात्र काढून ठेवलेत.