आठ महिने, एक बोट-ट्रेलर आणि ४० रुपयांची टोपी

तेलगावच्या अलीकडे भाच्यानं मोटरसायकल शेजारी घेतली आणि ओरडला, "मामा, डाव्या चाकातून धूर निघायलाय!" उतरून बघतो तर ट्रेलरच्या हबवरची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावरची टोपी गायब, आतलं बेअरिंग जाम. वर १४ फुटी फायबर बोट, बाजूनं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, आणि आम्ही दोघं जॅक शोधतोय.

ट्रेलर ऑगस्टमधला. एकच एक्सल, बोट टेकायला लाकडी फळ्या, पुढं बोट ओढून घ्यायला हातानं फिरवायची विंच. माजलगाव धरण आणि वडवणीकडचा कुंडलिका प्रकल्प, दोन्हीकडं आमच्या मच्छीमार संस्थेचं काम. इंजिन काठावर सोडायची सोय नाही, म्हणून रोज संध्याकाळी सगळा बाडबिस्तरा घरी.

चासी दणकट आहे, वेल्डिंग कुठंही उकललेलं नाही. पण ती टोपी! पत्र्याची, हातोडीनं ठोकून बसवलेली, ४० रुपयांची. आठ महिन्यांत तिसऱ्यांदा गळून पडली. बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "ती झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत नाही बसत." अहो, टोपी कशानं झिजते? ती नुसती बसून असते. एवढे पैसे मोजून घेतलेल्या ट्रेलरला टोपी नाही, मला मात्र बरोबर घातली.

ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं हब खोललं. आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं. "ट्रॉली पाण्यात घालता व्हय?" त्यानं विचारलं. घालतो की, बोट कशी उतरणार? मग त्यानं समजावलं ते ऐकून मी जरा गप्प झालो. रस्त्यानं चालून हब तापलेलं असतं. तसंच थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि मागच्या रबरी सीलच्या फटीतून पाणी आत ओढते. म्हणजे टोपी होती तेव्हाही पाणी जातच होतं. आम्ही पोचल्या पोचल्या गाडी रिव्हर्स घ्यायचो. आता आधी चहा, अर्धा तास, हबला हात लावून बघायचा, मग पाणी. एवढी चूक माझी, मान्य.

फळ्यांबद्दलचं माझं मतही बदललंय. बोट घरंगळत चढते त्या रोलरपेक्षा स्वस्त म्हणून घेतल्या, पावसाळ्यात खूष होतो. फायबरचा तळ सगळ्या लांबीभर टेकतो, बोटीला मार नाही. पण फळ्यांवर बोट ओढून चढत नाही, तरंगतच आणावी लागते, म्हणजे ट्रेलर तेवढा खोल न्यायचा. माजलगावला काठाचा उतार किती मंद, ते माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. पाणी मागं सरलं की चाकं काळ्या चिखलात रुततात, हब पूर्ण पाण्याखाली. जायकवाडीच्या उजव्या कालव्यातून पैठणचं पाणी आलं की काठ पुन्हा वर सरकतो आणि कालची पक्की जागा पाण्यात जाते. पुन्हा घेतला तर रोलरवालाच घेईन. फळ्यांवरचं कार्पेट मात्र छान टिकलंय.

चढवताना भाचा बोटीचं नाक पुढच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत विंच फिरवत नाही, चार बोटं राहिली की "झालं" म्हणतो. इंजिन आणि पेट्रोलची टाकी दोन्ही मागं, त्यात नाक मागं राहिलं की ट्रेलर शेपटीकडं जड होतो आणि साठच्या वेगाला डुलायला लागतो. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार गाडीच्या हुकावर हवा. घरचा वजनकाटा ट्रेलरच्या दांड्याखाली ठेवून बघितलं. सगळं मिळून ४५० किलो, दांड्यावर फक्त १२! टाकी पुढं सरकवली, बोट ठोकळ्यापर्यंत ओढली, ३८ झाले. डुलणं बंद. मागचे दोन पट्टेही बांधायचेच, विंचच्या पट्ट्यावर विसंबू नये. बोटीच्या तळाचं बूच लावायला एकदा विसरलो होतो, त्याबद्दल घरच्यांनी पुरेसं बोलून झालंय.

पुन्हा टोपीवर येतो. आता ९०० रुपयांची स्प्रिंगवाल्या टोप्यांची जोडी बसवलीय. आतलं ग्रीस थोडं दाबात राहतं, पाण्याला आत शिरायला वाव नाही. हौसेनं ग्रीसगन जास्त मारू नका, मागचं सील बाहेर येतं. माझं आलं.

त्या ४० रुपयांच्या टोपीचा पाठपुरावा मी सोडलेला नाही. परवा फोन आला, पाठवतो म्हणाले, फक्त कुरिअरचे ७० रुपये आधी टाका.