पोटमाळ्याच्या खोलीचे इन्सुलेशन : तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

उतरत्या छपराखालच्या पोटमाळ्याची राहती खोली करताना आम्ही वाशांच्या मधल्या जागेत 100 मिलिमीटर जाडीचे रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंची, उष्णता अडवणारी लोकर) भरले आणि त्याखाली, वासेही पूर्ण झाकले जातील अशा बेताने, 40 मिलिमीटरचे पीआयआर फोम बोर्ड (कडक प्लास्टिक फेसाचे, उष्णता अडवणारे तक्ते) सलग बसवले. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा त्या खोलीत काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की खरा फरक या दुसऱ्या थरामुळे पडला. रॉकवूलची उष्णतावाहकता साधारण 0.035 वॅट प्रति मीटर-केल्विन असते, तर पाइनसारख्या लाकडाची 0.13 च्या आसपास. त्यामुळे वाशांच्या मध्ये कितीही जाड थर भरला, तरी खुद्द वाशांमधून उष्णतेची ये-जा चालूच राहते.

हिवाळ्यात हीटर बंद केल्यानंतरही खोलीतली ऊब बराच वेळ टिकते. उन्हाळ्यात मात्र इन्सुलेशनकडून गारव्याची अपेक्षा ठेवू नये, कारण ते उष्णता केवळ अडवते आणि एकदा आत आलेली उष्णताही तितक्याच नेटाने धरून ठेवते. छपरातल्या खिडकीतून आलेले ऊन हेच आमच्याकडे दुपारच्या उकाड्याचे मुख्य कारण ठरले. आतल्या पडद्याने फारसे साधले नाही, कारण काचेतून आत आलेले ऊन खोलीतच तापते. खिडकीला बाहेरून जाळीचे आच्छादन लावल्यावर फरक स्पष्ट जाणवला.

सर्वांत जास्त काळजी ओलाव्याची घ्यावी. रॉकवूल आणि कौलांखालचे कापड यांच्यामध्ये आम्ही वळचणीपासून आढ्यापर्यंत 50 मिलिमीटरची हवेशीर फट ठेवली, आणि खोलीतली दमट हवा थंड भागापर्यंत पोहोचून तिथे पाणी धरू नये म्हणून बोर्डांचा प्रत्येक सांधा, तसेच वायर जाते ते प्रत्येक भोक, ॲल्युमिनियमच्या टेपने बंद केले. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यात हयगय झाली तर बाकीचा खर्च वाया जातो. हिवाळा सरताना आढ्याजवळची एक पट्टी उघडून पाहिली, तेव्हा रॉकवूल हाताला कोरडे लागले आणि लाकडावर बुरशीचा ठिपकाही नव्हता.

पावसाचा आवाजही पुष्कळ दबला आहे. उणीव राहिली ती बाजूच्या बुटक्या भिंतीतल्या सामानाच्या कप्प्याच्या दाराशी. तिथून थंड वारा आत येत असे. दाराच्या पाठीमागे बोर्ड आणि कडेने रबरी पट्टी लावल्यावर तो बराच कमी झाला, पूर्ण थांबलेला नाही. पीआयआर ज्वलनशील असल्यामुळे त्यावर जिप्सम बोर्ड लावलाच पाहिजे, आणि या दोन्ही थरांत मिळून डोक्यावरची उंची जेवढी गेली, ती बुटक्या बाजूला आजही जाणवते. ज्यांना कौले कधीतरी उतरवायचीच आहेत, त्यांनी तेव्हाच बोर्ड वाशांच्या वरून बसवण्याचा विचार करावा. उंचीही वाचते आणि वासेही उबदार बाजूला राहतात.